समुद्राच्या पोटातील विषहर जीव

पाणी गाळून प्यावे, हा संस्कार जैन घरातील मुलाला अक्षरओळखीच्याही आधी मिळतो. गाळण्याच्या कापडावर जे राहील ती जिवाणी. ती ज्या विहिरीची त्याच विहिरीत हलक्या हाताने परत सोडावयाची. दुसऱ्या पाण्यात नव्हे आणि कोरड्या जमिनीवर तर नव्हेच, अशी जुन्या पिढीची रीत होती. नळ आले, विहिरी बुजल्या, रीत मागे पडली. पण तिच्यामागील विचार आजही तितकाच खरा आहे. पाणी रिकामे नसते. पाणी हेच ज्यांचे शरीर आहे ते अप्कायिक एकेंद्रिय जीव निराळे आणि पाण्याच्या आश्रयाने राहणारे जीव निराळे, असा सूक्ष्म भेदही जैन ग्रंथांनी केला आहे.

सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे जीवाणू आणि शास्त्रांतील जीवविचार यांची घाईने सांगड घालणे योग्य नव्हे. दोन्हींची मापे निराळी आणि प्रयोजनेही निराळी. तथापि समुद्राच्या एका मिलिलिटर पाण्यात जीवाणूंची संख्या लाखांच्या घरात असते, हे विज्ञान आज मोजून सांगते. त्यांतील काही जीवाणू कच्चे तेल, फेनॉल, पारा यांसारखी विषे पचवितात, फोडतात किंवा त्यांचे रूप पालटतात. हे काम ते कसे करतात आणि कोठे त्यांचा इलाज संपतो, हे व्यापारी कुटुंबांनी जाणून घेण्याजोगे आहे. तेल, रंग, रसायने, औषधे, प्लास्टिक, धातू या मालाशी त्यांच्यापैकी अनेकांचा रोजचा संबंध येतो.

तेल हेच ज्यांचे अन्न

उत्तर समुद्रात बोर्कुम नावाचे एक लहानसे जर्मन बेट आहे. त्याच्या परिसरातील समुद्रात आढळलेल्या एका जीवाणूचे वर्णन शास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केले आणि त्याला नाव दिले ‘अल्कॅनिव्होरॅक्स बोर्कुमेन्सिस’. नावाचा अर्थच मुळी ‘अल्केन खाणारा’ असा आहे. अल्केन म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन यांच्या साखळ्या. कच्च्या तेलाचा मोठा भाग अशा साखळ्यांचा असतो. साखर, पिष्ट यांसारखे अन्न इतर जीवाणूंना प्रिय; या जीवाणूला मात्र ते जवळजवळ चालतच नाही. स्वच्छ पाण्यात तो विरळ आढळतो. तेल सांडले की काही दिवसांतच त्याची संख्या इतकी वाढते की त्या जागी बहुसंख्य जीवाणू त्याचेच असतात. तेल सरले की त्याची संख्याही ओसरते.

त्याची पचनाची रीत अशी. तेल पाण्यात विरघळत नाही, म्हणून तो प्रथम साबणासारखा एक पदार्थ स्रवतो. त्यामुळे तेलाचा तवंग बारीक थेंबांत विभागला जातो. मग एक विकर, म्हणजे एंझाइम, कार्बनच्या साखळीच्या टोकाला प्राणवायूचा एक अणू जोडते. साखळीचे प्रथम अल्कोहोल होते, पुढे मेदाम्ल होते. मेदाम्ल एकदा झाले की ते तूप-तेल पचावे तसे दोन-दोन कार्बनच्या तुकड्यांनी तुटत जाते. शेवटी उरतो कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि जीवाणूचा स्वतःचा देह. तेलातील कड्यांसारखी रचना असलेले, अधिक विषारी घटक फोडण्याचे काम ‘सायक्लोक्लास्टिकस’ हा दुसरा जीवाणू करतो. एकाचे उरलेले दुसरा उचलतो, अशी ही पंगत असते.

हे जीवाणू मनुष्याच्या अपघातांसाठी निर्माण झालेले नाहीत. समुद्राच्या तळातील भेगांतून कच्चे तेल लक्षावधी वर्षे झिरपत आले आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००३ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार जगभर दरवर्षी सुमारे ६ लाख टन तेल अशा नैसर्गिक झऱ्यांतून समुद्रात येते. ते थोडे थोडे आणि पसरून येते, म्हणून पचते. मनुष्य मात्र एका रात्रीत, एका जागी हजारो टन ओततो. फरक येथे आहे.

अलास्काचा किनारा आणि मेक्सिकोचे आखात

२४ मार्च १९८९ रोजी ‘एक्सॉन व्हाल्डेझ’ हे तेलवाहू जहाज अलास्कातील प्रिन्स विल्यम उपसागरात खडकावर आदळले आणि सुमारे ४ कोटी लिटर कच्चे तेल समुद्रात गेले. मैलोन्‌मैल किनारा काळा पडला. समुद्रपक्षी आणि पाणमांजरे मोठ्या संख्येने मेली. खडक धुण्यासाठी गरम पाण्याचे फवारे मारण्यात आले; त्यांनी तेलासोबत तेथील जीवसृष्टीही भाजून काढली.

त्या वेळी शास्त्रज्ञांच्या ध्यानात आले की तेल खाणारे जीवाणू त्या किनाऱ्यावर मुळातच होते. त्यांना अन्न भरपूर मिळाले होते. कमतरता होती ती नायट्रोजन आणि स्फुरदाची. नुसत्या तेलाने जीवाणूचा देह घडत नाही, जसे नुसत्या तुपाने मूल वाढत नाही. म्हणून १०० किलोमीटरहून अधिक किनाऱ्यावर खत टाकण्यात आले. प्रयोगाच्या पट्ट्यांत तेल विघटनाचा वेग दोन ते पाच पटींनी वाढल्याचे आढळले. बाहेरून आणलेल्या जीवाणूंचा तेथे विशेष उपयोग झाला नाही. त्या पाण्याला, त्या थंडीला सरावलेले स्थानिक जीवाणूच कामास आले.

एप्रिल २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ या तेलमंचावर स्फोट झाला. ११ कामगार मृत्युमुखी पडले. सुमारे दीड किलोमीटर खोलीवरील फुटलेली विहीर ८७ दिवसांनी बंद करता आली. अमेरिकन शासनाच्या अंदाजानुसार तोवर सुमारे ४९ लाख पिंपे तेल विहिरीबाहेर पडले होते. पुष्कळसे तेल वर न येता सुमारे १,१०० मीटर खोलीवर धुक्यासारखे पसरले. तेथे पाण्याचे तापमान अवघे ५ अंश सेल्सिअस. एवढ्या थंडीत विघटन होईल अशी आशा थोडी होती. परंतु त्या थरातील पाण्याच्या नमुन्यांत थंडीतही तेल पचविणारे जीवाणू झपाट्याने वाढलेले आढळले.

या दोन घटना ऐकून ‘समुद्र सारे सोसतो’ असे समाधान मानण्याचा मोह होईल. पण पुढची बाजूही पाहावी. अलास्कात जे तेल वाळू-गोट्यांच्या खाली गाडले गेले, तेथे प्राणवायू पोहोचला नाही. दोन दशकांनंतरही खणल्यावर ते ओलसर आणि ताजे सापडत होते. प्राणवायूचा हिशेब साधा आहे. एक लिटर कच्चे तेल पूर्णपणे पचविण्यास साधारण ३ ते ४ लाख लिटर समुद्रजलात विरघळलेला सर्व प्राणवायू खर्ची पडतो. तो प्राणवायू मासे, खेकडे, कालवे या साऱ्यांच्या श्वासातून वजा होतो. जीवाणूंनी विष पचविले, असे आपण सहज म्हणतो. त्याची किंमत पाण्यातील दुसऱ्या जीवांनी मोजलेली असते.

मुंबईच्या व्यापाऱ्यांना ७ ऑगस्ट २०१० ही तारीख आठवत असेल. ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या जहाजांची मुंबईजवळ टक्कर झाली. सुमारे ८०० टन तेल सांडल्याचा अंदाज होता. कंटेनर पाण्यात पडले आणि बंदरांतील जहाजवाहतूक काही दिवस ठप्प झाली. माल अडकल्याची चिंता पेढ्यांवर होती. तिकडे खाड्यांतील खारफुटीच्या मुळांना तेल माखले होते. खारफुटीच्या चिखलात काही बोटांखालीच प्राणवायू संपतो, त्यामुळे तेथे शिरलेले तेल फार सावकाश नाहीसे होते. बंदराचा व्यवहार आठवड्यात सुरू झाला. चिखलाचा व्यवहार एवढ्यात सुरळीत होत नाही.

पारा : नाश नव्हे, रूपांतर

तेल कितीही घातक असले तरी ते मुळात सजीवांपासूनच बनलेले आहे, ते फुटते. पारा हे मूलद्रव्य आहे. मूलद्रव्याचा नाश कोणताही जीव करू शकत नाही. तरीही काही जीवाणू पाऱ्यात तग धरतात. त्यांच्यापाशी ‘मर’ नावाचा जनुकांचा एक समूह असतो. त्यातील एक विकर सेंद्रिय पाऱ्यातील कार्बन व पारा यांचा बंध तोडते. दुसरे विकर विषारी पारा-आयनाचे साध्या पाऱ्यात रूपांतर करते. हा साधा पारा बाष्परूपाने पाण्याबाहेर निघून जातो.

गोव्यातील दोना पावला येथे १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तेथील संशोधकांनी भारताच्या किनारी पाण्यातून असे जीवाणू वेगळे केले. लिटरला २५ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक पारा असलेल्या द्रावणात ते वाढतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात पाऱ्याची मर्यादा लिटरला ०.००१ मिलिग्रॅम आहे. म्हणजे या मर्यादेच्या २५ हजार पट पाऱ्यात हे जीव जगतात. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात याच जीवाणूंनी कॅडमियम आणि शिसे हे धातूही द्रावणातून मोठ्या प्रमाणात काढून घेतल्याचे दिसले. पारा ते वाफेच्या रूपाने बाहेर टाकतात, काही धातू अंगाभोवतीच्या चिकट आवरणात अडकवितात आणि शिशाचे न विरघळणाऱ्या सल्फाइडमध्ये रूपांतर करतात.

येथेही दुसरी बाजू आहे. वाफ झालेला पारा नाहीसा होत नाही. तो वाऱ्याबरोबर जातो आणि पावसाबरोबर कोठेतरी परत येतो. शिवाय सर्व जीवाणू एकाच दिशेने काम करीत नाहीत. प्राणवायू नसलेल्या गाळात राहणारे काही जीवाणू साध्या पाऱ्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात, आणि मिथिल पारा मूळ पाऱ्याहून कितीतरी घातक असतो. तो लहान जीवातून मोठ्या जीवात जाताना वाढत जातो. एकाच खाडीत एक जीव विष उतरवीत असतो आणि दुसरा ते चढवीत असतो. कोणाची सरशी होईल हे गाळ, प्राणवायू आणि मनुष्याने ओतलेला माल यांवर ठरते. आणखी एक धोका असा, की ‘मर’ जनुके एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे जातात आणि पुष्कळदा प्रतिजैविक औषधांना न जुमानण्याची जनुकेही त्यांच्याबरोबर प्रवास करतात. पाऱ्याने दूषित झालेली खाडी अशा रीतीने रुग्णालयाच्या अडचणीतही भर घालू शकते.

जपानमधील मिनामाता येथे हे सारे जगाने पाहिले. तेथील चिस्सो कंपनीच्या रासायनिक कारखान्याचे मिथिल पारा असलेले सांडपाणी १९३२ पासून समुद्रात जात होते. १ मे १९५६ रोजी त्या अनाम रोगाची अधिकृत नोंद झाली. हातपाय थरथरणे, दृष्टी आकसणे, वाचा जाणे, आणि मातेच्या उदरातच बाधा होऊन जन्मलेली मुले अशी त्याची लक्षणे होती. सांडपाण्यातील हा पारा १९६८ मध्ये थांबला. रोगाची नोंद होऊन तोवर १२ वर्षे उलटली होती. पुढे उपसागरातील सुमारे १५ लाख घनमीटर दूषित गाळ उपसून एका बाजूला कोंडण्यात आला आणि त्यावर सुमारे ५८ हेक्टर भराव तयार झाला. हे काम १९७७ ते १९९० चालले. मिनामाताच्याच गाळातून पाऱ्याला दाद न देणारा एक जीवाणू संशोधकांना मिळाला. म्हणजे ‘विष पचविणारा जीव’ तेथे होता. तरीही माणसे वाचली नाहीत. ओतणाऱ्याच्या हाताची गती पचविणाऱ्या जीवाला गाठता आली नाही.

त्याच गावाच्या नावाने पाऱ्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ मध्ये झाला आणि भारताने त्याला २०१८ मध्ये मान्यता दिली. हा विषय महाराष्ट्रापासून दूर नाही. उल्हास नदीच्या खाडीतील गाळात पारा साठल्याच्या नोंदी गोव्याच्या याच संस्थेतील संशोधकांनी प्रसिद्ध केल्या आहेत.

मासे न खाणाऱ्या घराला वाटेल की या विषाचा आपल्या ताटाशी संबंध नाही. ते एका अर्थी खरेही आहे. पण अहिंसेचे व्रत स्वतःच्या ताटापुरते नसते. खाडीकाठच्या कोळी कुटुंबाची चूल त्याच पाण्यावर पेटते, आणि त्या पाण्यातील जीवांना तर पाणी सोडून जाण्यास दुसरी जागाच नाही.

कारखान्याच्या मागील दाराशी

समुद्रात घडते तेच काम लहान प्रमाणात प्रत्येक सांडपाणी प्रक्रिया केंद्रात चालते. तारापूर, डोंबिवली, महाड, लोटे परशुराम येथील औद्योगिक वसाहतींत सामायिक प्रक्रिया केंद्रे आहेत. त्यांच्या हवा भरलेल्या टाक्यांत जो तपकिरी गाळ घुसळत असतो, तो जिवंत असतो. फेनॉल घ्या. हे निर्जंतुक करणारे द्रव्य. तरी थोड्या प्रमाणात असेल तर जीवाणू त्याला अन्न समजतात. प्रथम त्याचे कॅटेकोल करतात, मग त्याचे सहा कार्बनांचे कडे उघडतात आणि तुकडे पचवितात. प्रमाण वाढले की तेच फेनॉल त्यांना मारते. एका युनिटने रात्री आम्लाची टाकी गुपचूप रिकामी केली, तर साऱ्या वसाहतीच्या केंद्रातील जीवाणू मरू शकतात. ते पुन्हा वाढेपर्यंत सर्वांचेच पाणी अर्धकच्चे खाडीत जाते.

बीओडी आणि सीओडी हे दोन आकडे कारखानदाराच्या अहवालात नेहमी येतात. ढोबळमानाने सांगावयाचे तर सीओडी म्हणजे पाण्यातील एकूण जळण्याजोगा भार आणि बीओडी म्हणजे त्यातील जीवाणूंना पचणारा भाग. दोहोंत फार अंतर असेल, तर त्या पाण्यात असे काहीतरी आहे की जे जीवाणूंच्या आवाक्याबाहेरचे आहे. पीसीबी किंवा डीडीटीसारखी क्लोरीनयुक्त रसायने या जातीची. काही जीवाणू प्राणवायू नसलेल्या चिखलात त्यांतील क्लोरीनचा एकेक अणू काढतात, मग दुसरे उरलेला सांगाडा फोडतात. पण त्याला वर्षे लागतात, दशके लागतात. साधे पाणी मिसळून आकडा खाली आणला तर कागद शुद्ध होतो. खाडीत जाणारा एकूण भार तेवढाच राहतो.

उपासकदशांग या आगमात आणि हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात श्रावकाने टाळावयाची पंधरा कर्मादाने सांगितली आहेत. त्यांत विषवाणिज्याचा, म्हणजे विषाच्या व्यापाराचा, स्पष्ट उल्लेख आहे. आजचा रसायनव्यापार सरसकट विषवाणिज्य ठरवावा असे कोणी म्हणणार नाही. औषधे, रंग, खते यांवाचून समाज चालत नाही. परंतु ज्या मालातून कोणाचा तरी श्वास कोंडणार आहे, त्या मालाचा शेवट काय होतो हे विचारण्याची जबाबदारी त्या उल्लेखातून सुटत नाही. साधूंच्या पाच समितींतील शेवटची उत्सर्ग किंवा परिष्ठापनिका समिती तर याच प्रश्नाची आहे. टाकावयाची वस्तू कोठे टाकावी, कशी टाकावी, तेथे जीव आहेत काय हे पाहून टाकावी. महाव्रती साधू मूठभर वस्तू टाकताना एवढे पाहतो; अणुव्रती गृहस्थाने टँकरभर पाणी सोडताना निदान काही तरी पाहिले पाहिजे.

हे पाहणे अवघड नाही. घाऊक रसायन विकताना ग्राहकाकडे त्याच्या निचऱ्याची सोय आणि परवाना आहे काय, हे विचारता येते. गोदामातील मुदत संपलेली कीटकनाशके स्वस्त वाहतूकदाराच्या हवाली न करता अधिकृत घातक कचरा केंद्राकडे पाठविता येतात. ट्रक आणि जनरेटरचे वापरलेले तेल नोंदणीकृत पुनर्प्रक्रियाकाराला देण्याचा नियमच आहे. पिंपे धुतलेले पाणी गटारात न सोडता प्रक्रियेकडे वळविता येते. घरातील फुटका पाऱ्याचा तापमापक, जुन्या ट्यूबलाइट हे रोजच्या कचऱ्यात न टाकता वेगळे ठेवता येतात. यांपैकी काही गोष्टींना पैसा लागतो. तो खर्च मालाच्या किमतीत धरला नाही, तर तो कोणाच्या तरी खात्यावर जातोच. बहुधा ज्यांना खाते नाही अशांच्या.

संवत्सरीच्या प्रतिक्रमणात चौऱ्याऐंशी लक्ष जीवयोनींची क्षमा मागितली जाते. त्यांत सात लक्ष योनी अप्कायाच्या आहेत, आणि पाण्यात वावरणारे इतर जीव त्याहून वेगळे. समुद्रातील न दिसणारे जीव मनुष्याच्या चुकांचा काही भाग आपल्या गतीने निस्तरीत असतात. त्यांना लागतो प्राणवायू, थोडे पोषण आणि वेळ. पहिल्या दोन गोष्टी समुद्र देतो. वेळ देणे मात्र व्यापाऱ्याच्या हाती आहे, आणि तो विष कमी सोडूनच देता येतो. क्षमायाचनेनंतरच्या कामाच्या पहिल्या दिवशी कारखान्याच्या मागील दाराशी जाऊन नळीतून काय वाहते आहे हे मालकाने स्वतः पाहिले, तर त्या क्षमेला काही अर्थ येईल.